नारळ फोडायचा हातोडा

अँसेलदादा,

ब्रुकलिनला जाताना आपल्या बँडचे पॅन सुरात लावायचा हातोडाही तू घेऊन गेलास. वर म्हणालास, "पोरींच्या हाताला सूर सापडत नाही." कार्निव्हल तोंडावर आला आणि तेलाची पिंपं ठोकून केलेले आपले सगळे पॅन बेसूर. बँडचा कॅप्टन म्हणाला, "मर्ल, यंदा गप्प बसू." मी म्हटलं, "तुम्ही बसा!" आईचा नारळ फोडायचा हातोडा घासून गुळगुळीत केला आणि एकेक सूर ठोकून जागेवर आणला. काल शेजारचे बँडवाले चुका काढायला कुंपणाशी आले, ते ऐकता ऐकता नाचायलाच लागले.

हे पत्र पाठवणार नाही. रेडिओवर आम्हाला ऐकशीलच. एखादा सूर उतरलेला वाटला, तर फोन करू नकोस. इथे ये आणि माझ्या तोंडावर सांग.

तुझ्या जागी उभी,
मर्ल