पोपटीतली वेगळी पुरचुंडी

बाबा, परवा रोह्याजवळच्या गडाच्या वाटेवर मडक्यात भाजलेली पोपटी खाल्ली आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही. या वयात पाठीवर सॅक घेऊन मी डोंगर चढले, तो हौसेनं नाही. पाळत ठेवायला. तुमच्या नातीला खांब गावचा एक मुलगा आवडलाय. मित्रमंडळींबरोबर दोघं दोन दिवसांच्या ट्रेकला निघाली होती, आणि मला लग्नाला होकार किंवा नकार द्यायचा होता. घरी चहाला आलेला माणूस गोडच वागतो. म्हटलं, डोंगरात बघू कसा आहे.

त्यानं अख्खं मातीचं मडकं गोधडीत गुंडाळून पाठीवर आणलं होतं. मला तो देखावाच वाटला. माळावर तंबू लागले, तसा तो मडकं भरायला बसला आणि मी समोरच्या दगडावर. तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, कोंबडी, अंडी, बटाटे. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. हात इतका बरोबर चालत होता की मला जास्तच शंका आली. बाटली घ्यायला जरा मान वळवली आणि परत पाहते, तर त्यानं सॅकच्या कप्प्यातून केळीच्या पानाची एक पुरचुंडी काढून शेंगांत खुपसली.

"काय घातलंस रे?"

"काय नाय मावशी. शेंगाच हायत." माझ्याकडे न बघताच म्हणाला. तोंडाशी पाला कोंबून मडकं उपडं केलं, भोवती पेंढा आणि लाकडं पेटवली. आता आतलं कुणालाच दिसणार नव्हतं.

अशी पुरचुंडी मी आधी पाहिलीय, बाबा. पेणच्या आपल्या शेतात तुम्ही डोलवीच्या कारखान्यातून शिफ्ट करून आलाय, मडकं भरताय, आणि सगळ्यांची नजर चुकवून एक पुरचुंडी आत सरकवताय. मडकं उघडलं की ती तुमच्या डब्याच्या पिशवीत जायची आणि तुम्ही सायकलवर टांग मारून जिते गावाकडे निघायचात. कुणाला, म्हणून विचारलं की "कामावरच्या माणसाला." आई शेंगा सोलत राहायची. "तू जेव गो गपचूप," मलाच दटावायची. कामावरच्या माणसाला नाव नसतं का? तुम्ही गेलात तेव्हा दारात आलेली प्रत्येक अनोळखी बाई मी न्याहाळली. जरा जास्त रडलेली एकही सापडली नाही. त्यानं संशय काही मिटला नाही. मला वाटलं, हुशार असणार.

तर इकडे मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, चर्र झालं, पोपटी तयार. कागदावर ओतल्याबरोबर पोरं तुटून पडली. हा मात्र काडीनं पुरचुंडी शोधतोय. म्हटलं, आता जाते सॅकमध्ये. नकार माझ्या जिभेवर तयार होता. तो ती बोटांत झेलत, फुंकर मारत माझ्यापाशी आला.

"मावशी, ही तुमची. यात मीठ नाय, ओवा जास्त टाकलाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"घरी आलेलो तेव्हा तुम्ही लोणचं-पापड बाजूला सारलेत. मग हिला विचारलं, बीपी हाय का आईला."

"मग मगाशी लपवलंस कशाला?"

"चारचौघांत दुखण्याचं काढलेलं माझ्या आयला नाय आवडत. म्हटलं, तुम्हालाही आवडायचं नाय."

बेरकी आहे, सासूला आधी मुठीत घेतोय, असंही मनात आलंच. स्वभाव कुठे जातो? पण शेंगा मऊ होत्या, बिनमिठाच्याही गोड लागल्या, आणि मी त्या कुणालाही दिल्या नाहीत. उतरताना पोरीला म्हटलं, करा लग्न.

तुमच्यावर विश्वास बसला असं मात्र समजू नका. जित्याला कुणीतरी होतं, हे मी अजून धरून आहे. इतकंच की आजवर ती पुरचुंडी मी फक्त आपल्या घरातून जाताना पाहिली होती. ती हातात पडल्यावर कसं वाटतं, ते परवा कळलं. पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून विचारते. थंडीचे दिवस, सायकलचा रस्ता. तिथे पोचेपर्यंत ती गरम राहायची ना? राहत असावी असं मला मनापासून वाटतंय. आई भेटली तर तिला हे सांगू नका.