माईक क्रमांक तीनबाबत लिहून ठेवते की

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, एका वृत्तवाहिनीत ध्वनितंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही, कारण पित्ताशयात तीन खडे आहेत आणि सर्वांत मोठा अकरा मिलिमीटरचा आहे. मंगळवारी ते काढायचे आहेत. हजारात एखाद्याचेच बिघडते, असे शल्यचिकित्सक म्हणाले. तो एखादा आधी ओळखता येतो का, असे मी विचारले तर ते हसले. प्रश्न विनोदाने विचारला नव्हता.

हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. "या वयात कसलं गं मृत्युपत्र?" असे मामी म्हणाली. तो विरोध समजावा, दबाव नव्हे.

१. बँकेतील माझी बचत आईला मिळावी. लेकीची आठवण म्हणून ती त्याला हातही लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून अट अशी की त्यातून तिने आधी गुडघ्यांवर इलाज करून घ्यावा. आठवण त्यानंतर उरेल ती.

२. भाड्याच्या खोलीतील कपाट व सायकल धाकट्या बहिणीला. माझा निळा कोट तिने मागच्या हिवाळ्यात न विचारता नेला आहे. तो नेल्या तारखेपासून भेट दिला असे धरावे.

३. मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान आणि माझे हेडफोन वर्गमैत्रिणीला. आम्ही एकाच वर्गात ध्वनितंत्र शिकलो. आता ती आमच्या प्रतिस्पर्धी वाहिनीत तेच काम करते. तिचे स्वतःचे हेडफोन एका कानाने कमी ऐकवतात. तिच्या वाहिनीत हे आजवर कोणाच्या लक्षात आलेले नाही.

४. आमच्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांना काहीही देऊ नये. माझी खुर्ची, जी एका बाजूला कलते आणि जिच्या दुरुस्तीसाठी मी सात अर्ज केले, ती त्यांना द्यायची फार इच्छा होती. पण ती कार्यालयाची आहे.

कारण लिहिणे भाग आहे. या वर्षी अर्थसंकल्प सभागृहात अडकला. खर्च वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही, असे सरकारचे म्हणणे. सरकारने तूट झाकली आहे, असे विरोधकांचे. आमच्याकडे रोज संध्याकाळी यावर चर्चा. पाहुणे चार, माईक चार, आणि प्रत्येक माईकसाठी माझ्यासमोर एक सरकती पट्टी, जिला फेडर म्हणतात. पट्टी वर नेली की आवाज वाढतो. आवाज पार बंद केला तर प्रेक्षक तक्रार करतात. पण चार डेसिबल खाली घेतला, तर माणूस ऐकू येतो, फक्त त्याचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नाही असे वाटते. याची तक्रार कोणी करत नाही.

आमची वाहिनी सरकारच्या बाजूने कललेली आहे. निर्माते काचेपलीकडून दोन बोटे जमिनीकडे करत, की मी पट्टी खाली घ्यायची. मी एकदा हे लेखी मागितले. "मॅडम, कानाला गोड वाटेल ते ठेवायचं, त्यात लेखी काय द्यायचं?" असे ते म्हणाले. तेव्हापासून मीच वहीत लिहू लागले: तारीख, माईक, किती डेसिबल, किती मिनिटे. सत्तेचाळीस चर्चांत सरकारी बाजू सरासरी दीड डेसिबल वर होती आणि विरोधी बाजू तीन खाली. मैत्रिणीच्या वाहिनीत नेमके याच्या उलट. दोन्ही वाहिन्या एकदम लावल्या तर देशात संपूर्ण समतोल आहे. मात्र दोन्ही लावणारे घर मला अजून भेटलेले नाही.

५. माईक क्रमांक तीनचे मूळ ध्वनिमुद्रण मामांना मिळावे.

मामा चौतीस वर्षे अर्थखात्यात होते. त्यांचे काम अर्थसंकल्पातील तळटिपा तपासणे. शिकत असताना मी त्यांच्याच घरी राहिले आणि आकड्याशेजारी त्याचे वर्ष लिहायची सवय मला त्यांनीच लावली. त्यांना चर्चेला बोलवा, हे मीच निर्मात्यांना सुचवले.

मामा आले, माईक क्रमांक तीनसमोर बसले आणि त्यांनी सांगितले की सरकार गेल्या वर्षीचे आकडे दाखवत आहे, विरोधक त्याच्या आदल्या वर्षीचे, आणि दोघेही एकमेकांना खोटे म्हणत आहेत. हे कोणाच्याच सोयीचे नव्हते. निर्मात्यांनी बोटे खाली केली. मी पट्टी चार डेसिबल खाली घेतली. मैत्रिणीच्या वाहिनीतही त्यांना बोलावले, तिथे पट्टी सहा डेसिबल खाली गेली. आमच्याकडे ते अकरा वेळा आले, तिकडे सहा वेळा. दोन्ही वाहिन्यांनी ज्याच्याबाबतीत एकमत दाखवले असा तो एकटाच पाहुणा होता.

घरी बसून मामांनी ते कार्यक्रम पाहिले. दोन्हीकडे आपण पुटपुटतोय, म्हणजे दोष आपल्याच गळ्यात आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. उपलब्ध माहितीवरून तो बरोबरच होता. डॉक्टरांना गळ्यात काही सापडले नाही, तेव्हा मामांचा डॉक्टरांवरचा विश्वास उडाला. मग त्यांनी उरलेला आवाज जपून वापरायचे ठरवले. आता ते चिठ्ठ्या लिहितात. मामी मला म्हणाली, "चाळीस वर्षं यांना सांगत होते, अहो, हळू बोला. आता ताटाशेजारी 'मीठ कमी आहे' अशी चिठ्ठी येते, आणि मला जेवण जात नाही."

येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी सभागृहाच्या समितीपुढे अर्थसंकल्पाची सुनावणी आहे. समितीने मामांना म्हणणे मांडायला बोलावले आहे. तिथे फेडर नाहीत. सर्वांना एकच माईक, आणि तो सर्वांसाठी सारखाच वाईट. चौतीस वर्षांत मामांना कोणी असे बोलावले नव्हते. त्यांनी "आवाजाच्या व्याधीमुळे" असे नकाराचे पत्र लिहून ठेवले आहे. ते उद्या टपालात पडणार आहे.

प्रत्येक माईकचा आवाज फेडरपर्यंत पोहोचण्याआधी यंत्रात वेगळा साठवला जातो. त्यात मामांचा आवाज जसा आहे तसा आहे. त्याची प्रत मी वाहिनीला न विचारता घेतली. हे मामांना तोंडाने सांगण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा मामी खोलीत होती म्हणून जमले नाही. दुसऱ्यांदा ती नव्हती, तरीही जमले नाही.

६. वर उल्लेखलेली वही माझ्या पश्चात समितीकडे पाठवावी.

७. हा मसुदा वकीलबाईंनी वाचला आणि चष्मा काढून विचारले, "म्हणजे तुझ्या मामांना आवाज परत मिळायला तू आधी मरायला हवंस?" शस्त्रक्रिया नीट झाली तर मामा गप्पच राहतील, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मसुद्यात तांत्रिक दोष आहे, हे मी मान्य केले. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळू शकत नाही.

म्हणून मी मामांना साक्षीदार नेमत आहे. त्यामुळे कलम पाच आपोआप रद्द होते आणि ध्वनिमुद्रण त्यांना आजच हातात द्यावे लागते. शिवाय मामा कोणत्याही कागदावर पूर्ण वाचल्याशिवाय सही करत नाहीत. दूधवाल्याच्या पावतीवरसुद्धा.

पुरवणी (त्याच दिवशी, सही करण्यापूर्वी)

मामांनी वरील मजकूर दोनदा वाचला. कलम पाचशेजारी पेन्सिलीने खूण केली. मग चिठ्ठी लिहिली: "लाव."

मी लावले. पट्टीला हात न लावता अकरा मिनिटे. मामी स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली.

"हा मी?" मामा म्हणाले. गेल्या तीन महिन्यांत त्यांनी माझ्याशी तोंडाने बोललेला हा पहिला शब्द.

"हो."

"आणि पट्टीवर हात कोणाचा?"

"माझा."

पुढची नऊ मिनिटे मामा एकटेच बोलले. बहुतेक मजकूर इथे लिहिण्यासारखा नाही. एक वाक्य त्यांनी लिहायला लावले, ते असे: "वहीत नोंदी करत बसलीस, आणि पट्टी मात्र रोज सरकवत राहिलीस." निर्मात्यांना देण्यासारखे जे जे मी कलम चारमध्ये शोधत होते, त्यातले बरेचसे माझ्याच वाट्याचे आहे.

यापुढे माझ्याशी बोलणार नाही, असे मामांनी जाहीर केले. त्यानंतर मामीकडून नकाराचे पत्र मागवून फाडले आणि मला म्हणाले, "सोमवारी वही घेऊन तू स्वतः यायचंस. टाके असले तरी." नोकरी जाईल, असे मी म्हटले. ते म्हणाले, "जाईलच."

सबब कलम सहा मी रद्द करत आहे. वही मी स्वतः नेणार आहे. त्यासाठी मंगळवारी जिवंत राहणे आवश्यक आहे, हे शल्यचिकित्सकांना कळवले आहे.

सही: (लिहून देणारी)
स्थळ: मामांच्या घराची बाहेरची खोली
तारीख: सुनावणीच्या आठ दिवस आधीचा रविवार, दुपारी चार

साक्षीदार पहिला (मामा): माझ्यासमोर सही झाली. कलम चारमधील सरासरी वहीवरून पडताळली. विरोधी बाजू तीन नव्हे, तीन पूर्णांक दोन दशांश डेसिबल खाली आहे. दुरुस्ती करावी. भाचीच्या वागण्याशी सहमत नाही. मजकूर खरा आहे.

साक्षीदार दुसरा (तळमजल्यावरील औषधविक्रेता): माझ्यासमोर सही झाली. मजकूर मी वाचलेला नाही. तशी गरजही पडली नाही. मी दुकानात होतो आणि पहिल्या साक्षीदारांचे सगळे बोलणे मला व दोन गिऱ्हाइकांना स्पष्ट ऐकू आले. कोणाला बरे नाही की काय, म्हणून वर आलो, तर सहीला बसवले. त्यांच्यासाठी मागवलेले घशाचे औषध कंपनीला परत पाठवत आहे.