दोन भोंग्यांचं शांत संगीत

३ फेब्रुवारी, सकाळी ८
घोर अपमान. बावीस वर्षं संग्रामपूर तालुक्यात रिक्षा फिरवून अनाऊन्सिंग करतो. साडीचा सेल असो, नेत्र तपासणी असो, हरवलेली म्हैस असो, भाऊरावच्या भोंग्याशिवाय कोणाला काही कळत नाही. आणि शेजारच्या महामाया मॅडम, झेडपी शाळेतल्या, सांगतात की माईक टेस्टिंग घरासमोर करू नका, पोरीला त्रास होतो. एकदा नाही, तीनदा सांगितलं. मुद्दाम, टोचायला.
पोरगी म्हणजे समीक्षा, वय नऊ. मोठा आवाज झाला की कान दाबून पलंगाखाली शिरते म्हणे.
बदला घेणार. ठरलं.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
बदला कसा घ्यावा ते बायकोला विचारलं. बेबी काहीतरी पुटपुटली. ही हल्ली फार पुटपुटते. तोंड उघडून बोलायचा आळस.

५ फेब्रुवारी
प्लॅन तयार. उद्यापासून टेस्टिंग सातला नाही, पावणेसातला. आणि दोनदा.

६ फेब्रुवारी
केलं. मॅडमनी पोरीच्या डोक्याला शाल गुंडाळून तिला मागच्या दाराने शाळेत नेलं. म्हणजे विजयच.
दुपारी जेवण गेलं नाही. वांग्याच्या भाजीत तेल जास्त होतं.

७ फेब्रुवारी
बेबी मॅडमकडे हळदीचं लोणचं घेऊन गेली होती (शत्रूकडे!). तिथून बातमी आणली. शेगावच्या एका डॉक्टरने सांगितलंय, काही लोकांचे कान फार नाजूक असतात, अचानक आवाज सहन होत नाही. अशांना हळू आवाजातलं संथ संगीत मानवतं. शब्द नाहीत, ढोल नाही, नुसती बासरी, पाणी वाहतंय असं काहीतरी. ॲम्बियंट म्हणतात. मॅडम मोबाईलवर लावतात, पण मोबाईलचा स्पीकर खरखरतो, तर पोरगी दचकते.
नाजूक कान काय ते मला सांगू नये. माझ्याइतका तयार कान तालुक्यात नाही.
पण आयडिया आली. संगीत पाहिजे ना? देतो. दोन्ही भोंग्यांतून. तक्रार करायला तोंडच उरणार नाही. औषध डॉक्टरचं, डोस माझा.

८ फेब्रुवारी
गोपालच्या मोबाईल दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये तीन तासांचं संगीत भरून आणलं. त्याने वाजवून दाखवलं. मी म्हटलं, सुरू तर कर. तो म्हणे, काका, केव्हाचं सुरू हाये. दुकानात फार गलका होता. म्हणजे गोपाल आणि मी. पण रस्ता जवळ आहे.
उद्या रविवार. पोरगी घरीच असणार.

९ फेब्रुवारी, सकाळी १०
हल्ला केला. आवाज फुल. पहिल्या सुरालाच लिंबावरचे पक्षी उडाले, कुत्री पळाली.
मॅडम बाहेर येतील म्हणून भाषण पाठ करून ठेवलं होतं. बाहेर आली पोरगी. एकटीच. दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले, गाल ओले. अनवाणी रस्ता ओलांडून थेट माझ्या रिक्षात चढली. एका कानावरचा हात काढला. त्या क्षणी तिचा चेहरा असा झाला की तो इथे लिहीत नाही. हात बटनावर ठेवला आणि फिरवत गेली, कमी, आणखी कमी. मग तिथेच सीटवर बसली. हळूहळू दुसरा हातही खाली आला.
मी म्हटलं, "बंद काऊन केलं?"
"बंद नाही केलं. चालू हाये," ती म्हणाली. मला दोनदा विचारावं लागलं. पोरगीपण पुटपुटते.
मॅडम धावत आल्या. भाषण सुरू करणार, तर त्या पोरीजवळ बसल्या. बेबीही येऊन बसली. तिघी, ऐकतोय असं नाटक करत.
हे कारस्थान आहे.

१० फेब्रुवारी
पुरावा गोळा केला. समीक्षाने बटन जिथवर फिरवलं होतं त्या खुणेवर संगीत ठेवलं आणि डेअरीवाल्या माणिकरावला थांबवून विचारलं, काही वाजून राह्यलं का? तो म्हणाला, हाव, बासरी हाये ना, मस्त वाटते.
माणिकरावही त्यांना सामील.

१३ फेब्रुवारी
बेबीने जबरदस्तीने शेगावला नेलं. त्याच डॉक्टरकडे. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटन दाबा म्हणे. मी बोट बटनावर ठेवून वाट पाहिली. बराच वेळ. मशीन खराब असणार.
डॉक्टर बेबीशी बोलत होते. तिने बसमध्ये मला एका कागदावर लिहून दाखवलं: दोन्ही कान. भोंग्याने. वर्षानुवर्षं.
खाली लिहिलं होतं: मी पुटपुटत नाही.
मी खिडकीबाहेर पाहिलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ठेवलेल्या होत्या.

१४ फेब्रुवारी
टेस्टिंग केलं नाही. माईकची वायर सैल वाटली.
मॅडमवरचा राग कायम आहे. नोंद असावी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
समीक्षा आली. हाताने खूण केली, लाव. लावलं. तिने बटन तिच्या खुणेवर आणलं आणि सीटवर चित्रं काढत बसली. मॅडम आल्या, बेबी आली.
मी उठून भोंग्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. बारीक थरथर लागत होती. म्हणजे काहीतरी होतं खरंच.
मॅडम माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, कसं वाटते?"
तिघी माझ्याकडे पाहत होत्या. काहीतरी बोलणं भाग होतं.
"बरं हाये," मी म्हटलं. "पण आवाज जरा जास्तच हाये."
समीक्षाने मान डोलावली आणि बटन आणखी मागे फिरवलं.
पत्र्याची थरथरही थांबली.