ओठांच्या मागे राहिलेला आवाज

६ सप्टेंबर १९९८, रविवार

मे महिन्यानंतर एक अक्षर लिहिलं नाही. वही कपाटात होती, मी घरातच होते, तेव्हा सबब काही नाही. माफी मागायची तर स्वतःचीच. मागितली.

रेवा सहा वर्षांची झाली. कानाला यंत्र लावल्यावर तिला हॉर्न ऐकू येतो, दार आपटलेलं ऐकू येतं. बोलणं मात्र तुटक. उरलेलं ती ओठांवरून उचलते. तिला बोलायला शिकवणाऱ्या सुमित्रा टीचर शुक्रवारी स्पष्टच म्हणाल्या, अशा मुलांना दोन भाषा झेपत नाहीत. शाळा कन्नड, घरी मराठी, हे चालणार नाही. "एकच ठरवा, आणि घरात सगळ्यांनी तीच बोला." दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्या रेवाला नीट तपासणार. तोवर घरची भाषा तिला उमगतेय असं दिसलं तर ठीक, नाहीतर मराठी बंद.

ह्यांना पटलंय. "आपण बाहेर कन्नडच बोलतो की दिवसभर. घरात बोललो तर काय बिघडतं?" ह्यांचं घराणं इथे चामराजपेटेत कित्येक पिढ्यांचं, त्यांना सोपं आहे. मी बेळगावची. मराठी सोडायला मी तयार नाही. हे रेवासाठी की माझ्यासाठी, ते आज सांगता येत नाही.

टीचरकडे कन्नड शब्दांची व्हिडिओ कॅसेट आहे, ती त्यांनी घरी दिलीय. एका बाईंचा पडदाभर चेहरा, एक शब्द तीनदा, मग त्या वस्तूचं चित्र. मराठीत तशी नाही. मी करणार. सिंगापूरला जाताना भाऊजी कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेले. लग्नाच्या कॅसेट जोडून द्यायचा धंदा काढणार होते, त्यासाठी लागणारं व्हिडिओ कार्ड आणि सॉफ्टवेअर त्यातच आहे. कॉलेजात गणित शिकवते मी. जमेल.

१० सप्टेंबर

ह्यांच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातल्या मित्राने कॅमेरा दिला. पडद्यावर सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का. मी कॉलेजात असते तेव्हा रेवा त्यांच्यापाशीच असते, तेव्हा चेहरा त्यांचाच हवा.

"मी? या वयात सिनेमात?" म्हणाल्या आणि पावडर लावून आल्या. खिडकीपाशी बसवलं. शब्द अर्धा होतो न होतो तोच मान स्वयंपाकघराकडे. "कुकर झाला ग." पुन्हा. "दूध बघ ग." पुन्हा. एवढं कापणं आलं, आणि प्रत्येक शब्द तीनदा लावणं आलं.

१२ सप्टें.

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये घेताना मशीन अडकलं. माऊस हलतो, बाकी सगळं दगड. बंद करून पुन्हा. पुन्हा दगड. डिस्क भरली असा निरोप. भाऊजींच्या फायली पुसू का? न विचारता? त्यांचे खेळ पुसले, पत्रं ठेवली. रात्री त्यांना पत्राने कळवलं. कळवायची गरज होती का, हे म्हणतात. मला वाटतं होती.

१६ सप्टें.

कॅसेट तयार. सुरुवातीचे शब्द नीट तपासले: आई, बाबा, ये, बस. उत्तम. व्हीसीआरला लावून रेवाला बसवलं. "आई"ला तिने ओठ हलवले, माझ्याकडे पाहिलं. अक्का हसल्या. पाचेक शब्दांनंतर ती उठली, टीव्हीच्या स्पीकरवर पंजा ठेवून उभी राहिली. कपाळाला आठी.

२० सप्टें., रविवार

चार दिवस तेच. सुरुवात बघते. मग उठते, पंजा, आठी. "पाणी", "दूध", "फूल" यांच्याकडे पाठ. आज तिला टीचरची कन्नड कॅसेट लावून दिली आणि ती त्या बाईंकडे बघत "नी…रु" म्हणाली. नीरु. पाणी. स्वच्छ नाही, पण म्हणाली.

हे आनंदाने ओरडले. मीही हसले. हसताना वाईट वाटत होतं, ही कसली आई.

जेवताना हे हळूच म्हणाले, "दिसलं ना आता? कन्नडच घेऊ या." मी हो म्हणाले. बुधवारी टीचरना फोन करून सांगायचं ठरलं.

२३ सप्टें.

फोन केला नाही.

सकाळी हॉलमध्ये कॅसेट चालू, मी दारात साडीच्या निऱ्या घालत होते. पडद्यावर अक्कांनी तोंड मिटलं. आणि मग "फूल" ऐकू आलं. मिटलेल्या तोंडातून.

वाटलं भास. मागे घेऊन पाहिलं. "आई" बरोबर. "पाणी" जरासं मागे. "फूल" स्पष्ट मागे. शेवटी शेवटी अक्का पुढच्या शब्दाचे ओठ करतात आणि ऐकू येतो मागचा.

मी फक्त सुरुवात तपासली होती. मुलांनी पहिली पायरी तपासून उत्तर खाली लिहिलं की मी मार्क कापते.

रेवा ओठ आणि आवाज जुळवायला शिकतेय. तिला आठवडाभर मी न जुळणारं दाखवलं. ती स्पीकरवर पंजा ठेवून आवाज शोधत होती. घरात कुणालाच कळलं नाही, जिला ऐकू येत नाही तिला कळलं.

की आता मलाच तसं वाटून घ्यायचंय? दोष कॅसेटचा निघाला तर मराठी वाचते, म्हणून? हे नीट तपासायला हवं. स्वतःवर विश्वास नाही.

२४ सप्टें.

कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट लावली. त्यात ओठ-आवाज पक्के. म्हणजे बिघाड कॉम्प्युटरमध्ये शिरताना.

भाऊजींचा कॉम्प्युटर ज्याने जोडला तो मंजुनाथ येऊन गेला. झाकण काढून आत पाहून खो खो हसला. "मेडम, RAM साकागल्ल. पुरणारच नाही. बत्तीस एमबीत व्हिडिओ म्हणजे स्कूटरवरून गोदरेजचं कपाट नेणं." नवीन RAM टाकली की सगळं सरी, म्हणे. पुढच्या महिन्यात मिळेल. तोवर सुट्टी संपलेली असेल.

२५ सप्टें.

मॅन्युअल वाचलं. चित्र आत घेताना कोपऱ्यात एक आकडा वाढत असतो, मी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. तो गळालेल्या फ्रेम्सचा. मशीनला दम पुरला नाही की ते चित्राच्या फ्रेम्स सोडून देतं. आवाज सोडत नाही. म्हणून चित्र आखूड होतं, आवाज पूर्ण लांबीचा राहतो, आणि अंतर वाढत जातं. उलगडल्यावर किती साधं.

स्क्रीनसेव्हर बंद. व्हायरस शोधणारा प्रोग्राम आपोआप सुरू होतो, तो बंद. डिस्कवरचे तुकडे सलग लावून घेतले, त्यात दिवस गेला. आकडा कमी झाला. शून्य नाही.

२७ सप्टें., रविवार

चित्र निम्म्या मापाचं घेतलं. गळती जवळजवळ थांबली! नाचावंसं वाटलं. मग टीव्हीवर पाहिलं. अक्कांचे दात दिसत नाहीत, जीभ दिसत नाही, तोंडाच्या जागी करडा डाग. अशा ओठांवरून कोण काय वाचणार. सगळं रद्द.

पूर्ण माप हवं तर मशीनला दम नाही. दम हवा तर ओठ नाहीत.

ह्यांनी दारातून विचारलं, "अजून किती दिवस?" चिडून नाही. तरी मी चिडले. म्हणाले, "अग, तिला आपलं काहीतरी बोलणं कळू दे. कुठल्या का भाषेत." मी पुन्हा मशीनकडे वळले.

२८ सप्टें.

नवी युक्ती. लांबलचक घ्यायचंच नाही. एका वेळी एकच शब्द, थांब, फाईल जपून ठेव, पुढचा शब्द. इतक्या छोट्या तुकड्यात गळती साचायला वेळच मिळत नाही. "फूल" जुळलं! अक्कांना हाक मारून दाखवलं. म्हणाल्या, "जुळलं नव्हतं कधी?"

संध्याकाळी करंट गेला. जोडत असलेली फाईल गेली. तुकडे वाचले.

२९ सप्टें.

तुकडे कापताना लक्षात आलं की अक्का मराठी बोलतच नाहीत. म्हणजे बोलतात, पण मधेच कन्नड: "स्वल्प पाणी पी", "सरी, बस". थोडं नाही, स्वल्प; बरं नाही, सरी. शूटिंगच्या वेळी मला ऐकूसुद्धा आलं नव्हतं, इतकं रोजचं. टीचर म्हणतात एक भाषा, आणि ही कॅसेट मराठीची. "स्वल्प" कापलं. अक्कांची मान झटका बसल्यासारखी उडाली. "सरी" कापलं. पुन्हा झटका.

अक्का मागे येऊन उभ्या होत्या. "काय कापतेस?"

सांगितलं.

"मग मी बोलते ते काय आहे?"

"तसं नाही अक्का, शुद्ध हवं म्हणून…"

"तुझी मराठी इस्त्रीची ग. आमची रोज नेसायची." आणि गेल्या. रागावल्या नव्हत्या बहुतेक. तेच जास्त लागलं.

दिवसभर रेवासमोर जे ओठ हलतात ते "स्वल्प पाणी"च म्हणतात. मी तिला अशा आजीचे ओठ शिकवत होते जी घरात नाही. कापलेलं सगळं परत जोडलं. आता कॅसेट कुठल्या भाषेची आहे ते टीचरना कसं सांगू, ठाऊक नाही.

३० सप्टें.

आयुधपूजा. ह्यांच्या स्कूटरला, विळीला आणि कॉम्प्युटरला अक्कांनी गंध-कुंकू लावलं, वर झेंडूची माळ. कुंकू फ्लॉपीच्या फटीत जाईल या भीतीने मी पुसायला गेले. "राहू दे. तुझ्या त्या मंजुनाथपेक्षा बरं." आज मशीनला हात लावायचा नाही, असा नियम. लावला नाही.

४ ऑक्टोबर, रविवार

तुकडे जोडून कॅसेटवर उतरवलं. उतरवतानाही मशीन अडखळतं, म्हणून एका बैठकीत चारच शब्द, मग रेकॉर्डिंग थांबवून पुढचे चार. सांध्यांवर पट्ट्या येतात. येऊ देत. या वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रत्येक शब्द, आवाज बंद करून एकदा आणि चालू करून एकदा पाहिला. शेवटचे दोन, "झोप" आणि "चल", अजून किंचित मागे आहेत. हे म्हणतात त्यांना दिसत नाही. मला दिसतं. रेवाला?

रेवा शेवटपर्यंत बसली. स्पीकरकडे गेली नाही. बोलली मात्र काहीच नाही.

८ ऑक्टो.

रोज बघते. ओठ हलवते. "पाणी"ला, "बाबा"ला, "माऊ"ला एकसारखेच हलवते. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, तेव्हा तिचा दोष नाही. पण मग तिला शब्द कळलाय की नुसती नक्कल? कन्नड "नीरु" तरी तिने कळून म्हटलं होतं का, की तीही नक्कलच? तेव्हा आम्ही कुणी हा प्रश्न विचारला नाही. आनंदाचं कुणी तपासत नाही.

एक गोष्ट लिहायला हवी. अक्का पूर्वी ओट्याकडे तोंड करून रेवाशी बोलायच्या, पाठमोऱ्या. मी किती वेळा सांगितलं असेल. परवापासून गॅस बारीक करतात, हात पुसतात, तिच्यासमोर बसतात, हनुवटीला बोट लावून तिचं तोंड आपल्याकडे वळवतात, आणि मग बोलतात. मी विचारलं, हे कसं काय? "तूच नाही का बसवलंस कॅमेऱ्यासमोर. पाठ फिरवली की ओरडायचीस."

११ ऑक्टो., रविवार

उद्या अकरा वाजता टीचर.

सकाळी "झोप" आणि "चल" पुन्हा घ्यायला बसले. मशीन दगड. पुन्हा चालू केलं, पुन्हा दगड. हे दोन शब्द सोडून द्यायचे की चुकीचे तसेच न्यायचे? सोडले तर फसवणूक नाही, पण अपुरं. ठेवले तर टीचरना सांगावं लागेल. सोडले.

दुपारी अक्का देवाची फुलं निवडत होत्या. रेवाला समोर घेतलं, तोंड वळवलं, म्हणाल्या, "रेवा, स्वल्प फुलं दे." रेवाने टोपलीतून मूठभर फुलं उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली.

मी दारातच. हे पेपर टाकून उठले. "बघितलंस?"

"तुम्ही हात पुढे केला होता का?" मी अक्कांना विचारलं.

"नाही ग."

"ओंजळ होती ना?"

"ती देताना केली. आधी नाही." मग टोपली जवळ ओढत, "नसेल केली."

ह्यांनाही सांगता येईना. मी पाहत होते, पण ओठांकडे. सवयच लागलीय. पुन्हा करून बघू या म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "पोरीची परीक्षा उद्या आहे ना? मग आज कशाला?" रेवा फुलांशी खेळत बसली होती.

हे मघाशी म्हणाले, उद्या जे ठरेल ते ठरेल, तू निदान जेव. जेवले.

कॅसेट पिशवीत भरली आणि पुन्हा काढून टीव्हीवर ठेवली. इतके दिवस हिच्यामागे घालवले. टीचरनी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता, तर ही दाखवून भागणार नाही असं वाटतं. अक्का टीचरकडे कधी आल्या नाहीत. कन्नडात बोलतील की मराठीत, रेवा तिथे त्यांच्याकडे बघेल की नाही, टीचरना हे चालेल का, काही सांगता येत नाही.

उद्या : अक्कांना सकाळी लवकरच सांगायचं, आमच्याबरोबर टीचरकडे चला.