तिसरी हाक

आबा, आपल्या माळावर झाडं लावायचं ठरलं होतं. झाड म्हटलं की लोकांना पुण्यच दिसतं, त्यामुळे कुणी नाही म्हणेना. ओढ्यापासून टेकाडापर्यंत पांढऱ्या फक्कीनं खड्डे आखून झाले, आणि रोपं जगेपर्यंत मेंढरांना चराईबंदी. थोरल्या दादाचे आता तुमच्यासारखेच गुडघे गेलेत. तो अंगणात बसून मला म्हणाला, "झाडं मोटी हुईस्तवर मेंढरं काय हवा खात्यात व्हय गं?" मी कुपवाडहून सुट्टीवर आले होते. तिथं कारखान्यात दिवसभर मी यंत्रांशीच बोलते. त्याच सकाळी आपल्या दारात एक जीप थांबली आणि तीतून लांडगे शोधणारी एक मुलगी उतरली, पुण्याकडची. ती म्हणाली, गवत हेच इथलं रान आहे, इथं झाडं लावली तर माळावरचं सगळं जित्राब उठून जाईल. "पण नुसतं माझं कोण ऐकणार? लांडगा आहे असा एक तरी पुरावा मिळाला, तर खड्डे थांबवता येतील." आणि लांडगा तर कैक वर्षांत कुणी पाहिलेला नव्हता. दादाचं एक कोकरूसुद्धा गेलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याचंच त्याला वाईट वाटत होतं.

तुम्ही लांडग्याचं नाव कधी घेतलं नाहीत. 'त्यो' म्हणायचात, जसं आई तुमच्याबद्दल बोलताना म्हणायची. ओढ्याच्या दरडीत बीळ सापडलं तो दिवस मला अजून दिसतो. गडीमाणसं मिरच्यांची धुरी द्यायला निघालीत, आणि तुम्ही बिळाच्या तोंडाशी पाठ करून उभे आहात. "लेकुरवाळी हाय ती," तुम्ही म्हणता, "आपुन हलायचं." आणि खरंच, भर उन्हात मेंढरांची जाळी उपटून तुम्ही आमचं सगळं बिऱ्हाड टेकाडापलीकडे नेलंत. आई दिवसभर भांडी आपटत होती. त्या साली दोन कोकरं गेली, तर तुम्ही म्हणालात, त्याचा वाटा त्यानं नेला. लोणंदच्या बाजारात लोक तुम्हाला लांडग्याचा सोयरा म्हणून चिडवायचे, आणि तुम्ही सोयऱ्यासारखेच ऐटीत हसायचात.

मार मात्र मी एकदाच खाल्ला. तिन्हीसांजेला ओढ्याकडून आईनं हाक मारली आणि मी "ओ" म्हणाले. तुमची चापट इतक्या जोरात बसली की कानात शिट्टी वाजली. आई तर घरात भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी ती दारात आली, तेव्हा मला कळलं तुम्ही का मारलंत. मग मला मांडीवर घेऊन तुम्ही म्हणालात, "दोन हाका कुणीबी मारतंय, पोरी. तिसरी हाक ज्याचं काम असतंय त्योच मारतोय. त्यो बी तिसऱ्या हाकेलाच ओ देतोय." आणि माझे डोळे पुसायला म्हणून तुम्ही तोंडाला ओंजळ लावून त्याची हाक काढलीत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. टेकाडापलीकडून उत्तर आलं तेव्हा मी तुमच्या सदऱ्यात तोंड लपवलं होतं. पुढे ती हाक तुम्ही मला शिकवलीत. दुसरं काही द्यायला नव्हतं तुमच्याकडे. मला ती साधली, फक्त तुमच्यासारखी नाही. तुमची वर चढायची, मध्येच खोकल्यानं तुटायची आणि मग खालच्या पट्टीत पुरी व्हायची. माझी सरळ जायची.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटी तुमचं बोलणं गेलं होतं. एका संध्याकाळी मी उशाशी बसले होते आणि तुम्ही डोळे मिटूनच ती हाक काढलीत, तुटकी, अगदी बारीक. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. खिडकीखाली कुत्री भांडत होती, ती एकदम गप्प झाली. त्यानंतर तुमचा आवाज मी ऐकला नाही, म्हणजे या सुट्टीपर्यंत.

सुट्टीतल्या शेवटच्या संध्याकाळी त्या मुलीनं टेकाडावर कर्णा लावला. त्यातून लांडग्याची साठवलेली हाक सोडायची, खऱ्यानं उत्तर दिलं तर यंत्रात धरून ठेवायचं, अशी तिची रीत. मला तिनं लांब ओढ्याकडे पाठवलं, आवाज कुठून येतो ते ऐकायला. सोबत दादाचा कुत्रा होता, तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मलेला. सूर्य बुडाला. पहिली हाक गेली. टिटवी ओरडली आणि थांबली. दुसरी गेली. काहीच नाही. गवतसुद्धा हलत नव्हतं, आबा. आपल्या माळावर वारा नाही असं मी कधी पाहिलेलं नाही. टेकाडावर बॅटरीचा उजेड हलायला लागला, म्हणजे ती आवरत होती. आणि मी तोंडाला ओंजळ लावली. खोटा पुरावा द्यायचा होता की नुसती तिसरी राहिली म्हणून बेचैन झाले, खरं सांगते, मनात दोन्ही होतं.

उत्तर माझ्या मागून आलं. जवळून, जुन्या बिळाच्या दरडीतून. वर चढलं, मध्ये तुटलं, आणि खालच्या पट्टीत पुरं झालं.  मी कुत्र्याकडे पाहिलं. तो भुंकला नाही, दबकला नाही. दरडीकडे तोंड करून शेपटी हलवत होता, घरचं माणूस यावं तसा. मग दुसऱ्यांदा तीच हाक. आणि मी पळाले. एक चप्पल ओढ्यातच राहिली.

जीपमध्ये ती मुलगी कानाला यंत्र लावून रडत होती, आनंदानं. "दोन आहेत! एक मादी, तरणी वाटते. दुसरा म्हातारा नर. त्याच्या छातीत काहीतरी बिघाड असावा." या वयात मला तरणी म्हणणारं दुसरं कुणी भेटलेलं नाही, म्हणून मी गप्प बसले असं समजा. खड्डे सध्या थांबलेत. दादा काल फोनवर म्हणाला, "मेंढरं फक्कीवर चरत्यात, तोंडं पांढरी झाल्यात." मला हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं.

त्यातली मादी कोण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगावं लागेल. एखादे दिवशी त्या मुलीला फोन करेन. त्या एकट्या म्हाताऱ्यावर माळ वाचतो का, हेही तेव्हा कळेल. पण तुम्हाला लिहायला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. मी पळाले तरी यंत्र चालूच होतं, आणि दरडीतली तिसरी हाकही त्यात आली आहे म्हणे. ती तिनं माझ्या मोबाइलवर पाठवली. रोज संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी गाडीशी उभी राहून ती उघडायला जाते आणि मोबाइल परत पर्समध्ये टाकते. भीती वाटते, आबा. तो नुसता लांडगाच निघाला तर?