इराचं स्पॅनिश

३ ऑक्टोबर, शुक्रवार. वेस्ट विंडसर

अजून जळफळाट होतोय. लिहून टाकते.

इराच्या शाळेत आज हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक लोकांच्या, वारशाचा कार्यक्रम होता. या देशाच्या घडणीत ज्यांचा वाटा आहे अशा त्यांच्यातल्या एकाबद्दल प्रत्येक मुलानं बोलायचं. कुणी न्यायाधीश निवडले, कुणी अंतराळवीर. माझ्या आठ वर्षांच्या नातीनं कुणाला निवडावं? तिला सांभाळायला येणाऱ्या रोझाला! आणि बोलली सगळं स्पॅनिशमध्ये, न अडखळता. रोझा पहिल्या रांगेत, भरतकामाचा ब्लाउज घालून, डोळे पुसत. मी तिसऱ्या.

"आई, किती गोड बोलली ना?" सून म्हणाली.

"गोडच. मराठीत कधी बोलणार?"

"आई, तुम्हीच तर तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलता."

खोटं कसं म्हणू? नन्सनी घोटून घेतलेलं माझं इंग्लिश नातीला द्यायचं, ही माझीच हौस. जन्मल्यापासून तिची वाक्यं सुधारत बसले. आणि रोझानं काय केलं? मक्याच्या तोर्तिया थापता थापता आपल्या भाषेत गप्पा मारल्या. बस्स. तेवढ्यावर पहिली रांग? तो ब्लाउज काही डोळ्यांपुढून हलत नाही. खास इस्त्री करून आली होती बया.

घरी आल्यावर मी मुद्दाम मराठीत हाक मारली, "इरा, बाळा, इकडे ये गं."

ती दारातच थबकली. आईचा हात धरून हळूच म्हणाली, "मम्मा, व्हाय इज आजी मॅड?"

मराठी तिनं माझ्या तोंडून फक्त मी रागावल्यावरच ऐकलंय.