बिननावाचा लेख

लातूर

प्रिय सर,

माझं अक्षर दिसलं की पाकीट न फोडताच बाजूला ठेवाल, म्हणून वरचा पत्ता अक्षराकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून लिहून घेतला. मी वीरेश, चाकूरचा, तुमचा एकेकाळचा विद्यार्थी. पीएच.डी. अर्धवट टाकून लातुरात क्लास काढला, तेव्हा ‘आता घोकंपट्टी विक’ म्हणालात आणि बोलणंच टाकलंत. राग मलाही आला होता. क्लास दणक्यात चालला, त्याची मला लाज नाही. पण चर्चासत्राला गेलो की ‘क्लासवाले आले’ म्हणून लोक हसायचे, ते मात्र लागायचं.

भूकंपानंतर आपण नांदेडहून येऊन पत्र्याच्या शेडांमधून हिंडायचो, आठवतं? मी टेप काढून खोल्या मोजायला लागलो की तुम्ही थांबवायचात. आधी चूल शोध, घर तिथंच असतं, म्हणायचात. मला ती तुमची लहर वाटायची.

गेल्या वर्षी पुनर्वसनाच्या गावांवर लेख लिहून एका नियतकालिकाला पाठवला. त्यांची रीत अशी, की लेखक कोण ते परीक्षकाला कळत नाही आणि परीक्षक कोण ते लेखकाला. अभिप्राय आला तो चांगलाच झोडपणारा. त्यात होतं, ‘लेखकाने खोल्या मोजल्या, चूल कुठे आहे हे विचारले नाही.’ वाचलं आणि डोळे भरून आले. तुमच्याशिवाय हे कोण लिहिणार? परीक्षक ओळखल्याचं संपादकांना सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. इतक्या वर्षांनी तुम्ही क्लासची पाटी न बघता मला वाचत होतात.

मग क्लासला सुट्टी देऊन पुन्हा त्या गावांत गेलो. धुरपताबाईंच्या सिमेंटच्या घरातला ओटा कोराच होता आणि चूल मागं, पत्र्याखाली. म्हणाल्या, “छत बघितलं की अजून धडकी भरती बाबा. भाकरी हितंच करते, निजतेबी हितंच.” सगळा लेख नव्यानं लिहिला. या वेळी तुम्ही तो मंजूर केलात.

मंजुरीखाली तुम्ही एक जास्तीची ओळ लिहिलीत. ‘हा विषय माझ्या एका विद्यार्थ्याने अर्ध्यावर सोडला होता, हा लेख त्याच्या वाचनात यावा.’ संपादकांनी ती न खोडता मला पाठवली. पुढच्या महिन्यात अंक निघेल आणि त्यात माझं नाव असेल. ते छापलेलं दिसण्याआधी माझ्याकडूनच कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. सर, त्यानं वाचला.

अजूनही तुमचाच,
वीरेश